तमादाचा परवाना

अर्जात दोन रकाने होते. 'पूर्वीचं काम' आणि 'आता करायचं काम'. पहिल्या रकान्यात मुकांबेतने मन लावून लिहिलं. सव्वीस वर्षं त्याने बिश्केकच्या ट्रॉलीबसचं वेळापत्रक आखलं होतं. कोणी कधी निघायचं, कुठे किती थांबायचं, पुढचा रेंगाळला तर मागच्याला कसं आवरायचं, हे सगळं त्याने वळणदार अक्षरात उतरवलं. रकाना संपला तेव्हा तो समासात शिरला, आणि समास संपल्यावर त्याने कागद उलटा केला. दुसऱ्या रकान्यात मात्र त्याने 'सामान पोचवणे' एवढे दोनच शब्द लिहिले, आणि तेही इतके बारीक, की आपण ते लिहिले हे आपलं आपल्यालाही कळू नये.

कर कचेरीच्या त्या खिडकीत पेरिझात नावाची तरुण मुलगी बसत असे. तिने पहिला रकाना वाचला, कागद उलटा करून मागचंही वाचलं. असं पूर्ण वाचणारं माणूस सरकारी खिडकीत सापडणं ही खरं तर भाग्याची गोष्ट, पण भाग्य कुठल्या दारातून आत येईल हे सांगता येत नाही. दुसऱ्या रकान्याकडे न बघता ती संगणकातली कामांची यादी खाली खाली सरकवू लागली. यादी लांबलचक होती. नखं रंगवणारे होते, कुत्री फिरवून आणणारे होते, दुसऱ्यांच्या वतीने रांगेत उभे राहणारेसुद्धा होते. वेळापत्रक आखणारे नव्हते.

"म्हणजे बाइके, लोकांना ओळीने पुढे सोडायचं, कुणाला रेंगाळू द्यायचं नाही, आणि सगळं वेळेत संपवायचं. असंच ना?" तिने विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आदराने 'बाइके' म्हणतात.

"अगदी तसंच," मुकांबेत म्हणाला. गेल्या आठ महिन्यांत त्याचं काम इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. ऊर भरून आलेल्या माणसाने कुठल्याही कागदावर सही करू नये, पण हे त्याला बाहेर बसथांब्यावर बसून परवाना वाचताना कळलं. परवान्यावर लिहिलं होतं : 'व्यवसाय – तमादा. मेजवान्या व समारंभांचे संचालन.'

तमादा म्हणजे लग्नात, वाढदिवसात हातात माइक घेऊन उभा राहणारा माणूस. तो विनोद करतो, गातो, म्हाताऱ्यांना नाचवतो, आणि रडणाऱ्यांना आणखी रडवतो. मुकांबेत आजवर चारचौघांत तीनदा बोलला होता आणि तिन्ही वेळा मागून कुणीतरी "जरा मोठ्याने" म्हणालं होतं. नियंत्रण कक्षात बसून वायरलेसवर ड्रायव्हरांशी तो खडसावून बोले, पण तिथे समोर तोंडं नसत. तोंडं दिसली की त्याचे शब्द घशातच उतरत.

आता सामान पोचवण्याचंच काम का, हेही सांगायला हवं. ट्रॉलीबस बंद झाल्या, रस्त्यांवरच्या तारा गुंडाळून नेल्या, बॅटरीवरच्या बस आल्या आणि त्यांचं वेळापत्रक कुठलासा संगणक स्वतःच आखू लागला. मुकांबेतला एक प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला गेला. वय त्रेपन्न. टॅक्सी चालवावी तर प्रवासी चेहऱ्याकडे बघतो, गप्पा मारतो, आणि हा आपल्या ओळखीचा निघाला तर संपलंच. पाकीट घेऊन गेलं की दार उघडणारा फक्त पाकिटाकडे बघतो. मुकांबेतने याचा पुष्कळ विचार केला होता.

कारण लपायचं होतं ते व्याह्यांपासून. मुलगी गुल्झात हिच्या कानात तोकमोकच्या मंडळींनी ऑक्टोबरात रीतीप्रमाणे डूल घालून लग्न पक्कं केलं होतं. लग्न या सप्टेंबरात होतं. व्याही ओरोझबाय बागायतदार, भारदस्त मिशांचे, जुन्या वळणाचे. डूल घालण्याच्या दिवशी त्यांनी आपल्या माणसांना ओळख करून दिली होती, "हे आमचे व्याही. शहराची वाहतूक यांच्या बोटावर चालते." त्यानंतर दीड महिन्यात बोट राहिलं आणि वाहतूक गेली. मग ही गोष्ट व्याह्यांना कशी सांगायची. मुकांबेतने ती सांगितलीच नाही. उलट दर पंधरवड्याला फोन झाला की तो कामाचा थोडाफार उल्लेख करी. जानेवारीत त्याने बर्फामुळे सात नंबरची गाडी फार उशिरा धावते अशी तक्रार केली. मार्चमध्ये एक नवा ड्रायव्हर फार उद्धट आहे, असं सांगितलं. ओरोझबाय शांतपणे ऐकून घेत आणि सहानुभूती दाखवत.

परवाना घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीवर गेला. पेरिझातला वाईट वाटलं. ती खरंच भली मुलगी होती.

"बदलून मिळतो ना," ती म्हणाली. "पण आधी हा बंद करावा लागेल. बंद करायला महिन्याचं विवरण भरायचं. किती समारंभ केले, कुठे केले."

"एकही केला नाही. शून्य लिहा."

"शून्य यंत्र घेत नाही, बाइके. शून्य टाकलं की लाल होतं."

"म्हणजे मी तमादा नाही हे दाखवायला मला तमादा व्हावं लागणार?"

"एकदाच," पेरिझात धीर देत म्हणाली.

संध्याकाळी इमारतीच्या अंगणातल्या बाकावर ही बातमी पसरली, आणि बातमी पसरली की सल्ले येतातच. तिसऱ्या मजल्यावरचे सातार बाइके वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते काळजीचं कारणच नव्हतं. "तमादाला निर्लज्जपणा लागतो आणि रेशमी सदरा लागतो. सदरा माझ्याकडे आहे," ते म्हणाले. तळमजल्यावरच्या झिनाइदा पावलोव्ना एके काळी शाळेत गाणं शिकवत. त्यांनी मुकांबेतला पोटातून आवाज काढायला लावलं. त्याने पोटातून आवाज काढला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घेतली. "पोट आहे, पण आवाज घशातच राहतोय," असा त्यांनी निकाल दिला, आणि रोज सकाळी कोमट पाण्याने गुळण्या करायला सांगितलं.

"अहो, एखादं छोटंसं बघा," बायको बुरुल म्हणाली. "वीस माणसं, अर्धा तास. झालं."

हे शहाणपणाचं होतं. परवान्यामुळे मुकांबेतचं नाव आणि नंबर सरकारी संकेतस्थळावर झळकलेच होते, त्यामुळे शोधायलाही लागलं नाही. चौथ्या दिवशी कुबात नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची वर्षाची मुलगी नुकतीच पावलं टाकू लागली होती. रीतीप्रमाणे तिच्या पायाला बांधलेली काळी-पांढरी दोरी कापायची, त्याआधी पोरांची धावण्याची शर्यत, मग चहा. घरातलीच पंचवीस माणसं. मुकांबेतने डोळे मिटून "हो" म्हटलं.

दोन दिवसांनी कुबातचा पुन्हा फोन. त्याच्या वडिलांची सत्तरी याच महिन्यात येते, तर तीही उरकून घ्यावी असं आईचं म्हणणं पडलं. सत्तरी म्हटल्यावर वडिलांच्या गावची माणसं येणार. तिसऱ्या फोनला कुबातच्या भावाला बढती मिळाली होती. चौथ्या फोनला बायकोच्या माहेरचे रुसले होते, त्यांचं एक टेबल वाढवलं. घरातला चहा मागे पडला आणि शहराबाहेरचं मंगल कार्यालय ठरलं, दोनशे दहा माणसांचं, झुंबरांसकट. दर फोनला मुकांबेत नकार द्यायचं ठरवून उचलत असे आणि "बरं" म्हणून ठेवत असे. सव्वीस वर्षांत त्याने प्रत्येक ड्रायव्हरला नाही म्हटलं होतं, पण ते वायरलेसवर. कुबात फार लाघवी बोलायचा.

शेवटी त्याने त्याला जे येत होतं ते केलं. आलेखाचा कागद घेतला, डावीकडे टेबलं लिहिली, वर मिनिटं लिहिली, आणि तीन दुपारी बसून दोनशे दहा माणसांचं वेळापत्रक आखलं. बारा टेबलं, प्रत्येकाला शुभेच्छा द्यायला दोन मिनिटं. दोरी कापणं एक वाजून चाळीस मिनिटांनी. बेशबारमाक, म्हणजे मटण आणि शेवयांचं मुख्य जेवण, दोन वाजता. कागद पूर्ण झाला तेव्हा तो लांबून बघत उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली.

शनिवारी दुपारी सातार बाइकेंचा जांभळा रेशमी सदरा घालून तो कार्यालयात उभा राहिला. सदरा खांद्यांना मोठा आणि पोटाला लहान होता. बुरुल सोबत आली होती. कागद उडाला तर धरायला, असं ती म्हणाली. माइक हातात आला, दोनशे दहा तोंडं त्याच्याकडे वळली, आणि झिनाइदा पावलोव्नांच्या गुळण्या निष्फळ ठरल्या. घशातून काही बाहेर येईना. पहिल्या टेबलावरचे एक आजोबा म्हणाले, "जरा मोठ्याने."

मुकांबेतने खाली पाहिलं. हातात कागद होता. कागदावर चौकटी होत्या. त्याने चौकटींवरून नजर हलवली नाही आणि अचानक त्याच्या तोंडून सव्वीस वर्षांचा सवयीचा आवाज बाहेर पडला.

"टेबल क्रमांक एक, निघा. टेबल क्रमांक दोन, तयार राहा."

टेबल क्रमांक एक गोंधळून उठलं, बोललं आणि बसलं. क्रमांक दोन तयारच होतं. क्रमांक तीनही. चौथ्या टेबलावर कुबातचे चुलते होते. एके काळी ते जिल्ह्यात कुणीतरी मोठे होते आणि लग्नकार्यात पाऊण तासाआधी माइक सोडत नसत. त्यांनी घसा खाकरला, सत्तरी गाठलेल्या भावाच्या जन्मापासून सुरुवात केली आणि भाऊ शाळेत जायच्या आत मुकांबेत म्हणाला, "क्रमांक चार, आपली वेळ संपली. कृपया मार्ग मोकळा करा."

चुलत्यांनी डोळे वटारले. मग सभागृहाच्या मागच्या बाजूने, बायकांच्या टेबलावरून, एक हुंकार आला. समाधानाचा. या चुलत्यांची भाषणं ऐकत चाळीस वर्षं ज्यांचं मटण थंड झालं होतं त्या सगळ्यांच्या वतीने तो आला होता. चुलते खाली बसले आणि त्यांनी तळलेल्या पिठाचा एक बोर्सोक तोंडात घातला.

गडबडी झाल्याच. एक वाजून चाळीस मिनिटांनी दोरी कापायची, तर जिची दोरी ती बाई आजीच्या मांडीवर गाढ झोपलेली. मुकांबेतने क्षणभर कागद पाहिला, बढतीचा सत्कार पुढे घेतला आणि मुलीला दहा मिनिटं थांबा दिला. मग कात्री सापडेना. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून मटण कापायची कात्री आणली, ती बघून मुलगी रडायला लागली, तेव्हा बुरुलने पर्समधली नखांची कात्री काढून दिली. शर्यतीत पहिला आलेला भाचा दारातून सरळ बाहेर धावत गेला आणि दोरी त्यानेच कापायची म्हणून त्याला परत आणावं लागलं. पण दोरी कापली गेली. मुलीने तीन पावलं टाकली, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि तिचा बाप डोळे पुसू लागला. बेशबारमाक दोन वाजून चार मिनिटांनी टेबलांवर आला, आणि त्यातून वाफ येत होती. कार्यालयाचा मालक स्वतः मुकांबेतच्या कानाशी येऊन पुढच्या शनिवारी मोकळे आहात का, असं विचारून गेला. त्याला रोज दोन कार्यक्रम घ्यायचे असत आणि पहिला कधी संपतच नसे.

मुकांबेतला आता थोडं बरं वाटू लागलं होतं. तो इतका सैलावला, की आठवं टेबल बसल्यावर त्याने पहिल्यांदाच कागदावरून मान वर करून सभागृहाकडे पाहिलं. नवव्या टेबलावर ओरोझबाय बसले होते. मिशा, टोपी, सगळं तेच. शेजारी विहीणबाई.

कुबातच्या वडिलांचं गाव आणि ओरोझबायांचं गाव एकच, हे वेळापत्रकात कुठेच नव्हतं. मुकांबेतच्या पाठीवरून घाम सरकला आणि जांभळ्या रेशमाला चिकटला. पळावं तर माइकची तार आखूड. शहराची वाहतूक ज्याच्या बोटावर चालते तो माणूस परक्यांच्या समारंभात उसना सदरा घालून लोकांना उठवतो आणि बसवतो आहे. गुल्झातचे कान त्याच्या डोळ्यांपुढे आले, डूल नसलेले.

"टेबल क्रमांक दहा, निघा," तो म्हणाला.

दहावं टेबल उठलं. नवव्यावर कुजबुज झाली. आपल्या हातून वेळापत्रकातली एक फेरी मुद्दाम गाळली गेली, असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. अकरा, बारा उरकून त्याने पाच मिनिटांची विश्रांती जाहीर केली, जी कागदावर नव्हती, आणि मागच्या दाराने अंगणात हात धुवायच्या नळाशी जाऊन उभा राहिला. हात स्वच्छ होते. तरी तो ते धूत राहिला.

"व्याही," मागून आवाज आला.

ओरोझबाय टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी टॉवेल पुढे केला.

"आम्हाला गाळलंत," ते म्हणाले.

"चूक झाली." मुकांबेतने हात पुसले, टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग एका दमात म्हणाला, "व्याही, मी कामावर नाही. नोव्हेंबरपासून नाही. हे तमादाचं कर कचेरीच्या चुकीने झालंय, पण कामावर नाही ते खरं आहे. तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा, पण गुल्झातची यात काही चूक नाही. तिला मीच गप्प राहायला लावलं."

ओरोझबायांनी मिशांवरून हात फिरवला.

"मी दर गुरुवारी फळं घेऊन शहराच्या बाजारात येतो," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"येतो तो मोठ्या रस्त्याने येतो. त्या रस्त्यावर डोक्यावर तारा होत्या. मग एके दिवशी नव्हत्या."

मुकांबेतने टॉवेल खांद्यावर टाकला.

"ट्रॉलीबस काही टाचणी नव्हे, व्याही, हरवली तर दिसू नये. अख्ख्या शहरातून गेल्या. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आमच्या गावात सुद्धा लोकांना माहीत होतं."

"पण मी जानेवारीत तुम्हाला सांगितलं, सात नंबर उशिरा..."

"सांगितलंत. बर्फामुळे. मी म्हटलं, हो, यंदा बर्फ फार आहे. दुसरं काय म्हणणार?"

"आणि तो उद्धट ड्रायव्हर?"

"त्याच्याबद्दल तर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली," ओरोझबाय गंभीरपणे म्हणाले. "माझी बायको म्हणाली, बिचारे, नसलेल्या ड्रायव्हरचाही किती त्रास करून घेतात. काही विचारू नका, त्यांना वाटेल तेव्हा सांगतील. तुम्ही इतकं मन लावून सांगत होतात, की मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं."

मुकांबेत नळाच्या कट्ट्यावर बसला. आठ महिने तो दर पंधरवड्याला फोनआधी आरशासमोर उभा राहून त्या दिवशीची वाहतूक जुळवत असे. एकदा त्याने एक छोटा अपघातसुद्धा घडवून आणला होता, कुणाला इजा न होऊ देता. ते सगळं पलीकडे दोन भली माणसं फोनला कान लावून ऐकत होती, आणि खोकला आला तरी दाबून धरत होती. आधी त्याला लाजेने कानशिलं तापल्यासारखं वाटलं. मग ते ओसरलं, आणि त्याखाली काहीच उरलं नाही. फक्त हलकं वाटत होतं, दिवसभर घट्ट बूट घालून आल्यावर पाय मोकळे व्हावेत तसं.

"म्हणजे लग्न..."

"लग्नाचं काय? लग्न सप्टेंबरात आहे," ओरोझबाय म्हणाले. "मेंढ्या ठरल्यात. मुलगी आम्हाला हवी आहे, ट्रॉलीबस नको होती. उठा आता. आत आमचं टेबल रुसून बसलंय, माझी बायको तर तुमच्या बुरुलबाईंकडे तक्रार करतेय."

दारातून दिसत होतं. बुरुल नवव्या टेबलावर विहीणबाईंशेजारी आरामात बसून मटण खात होती आणि दोघी हसत होत्या. ज्या तऱ्हेने हसत होत्या, त्यावरून त्यांचं हे सगळं आपसांत केव्हाच बोलून झालं होतं, हे मुकांबेतला त्याच क्षणी कळलं. याबद्दल घरी बोलायचं, असं त्याने ठरवलं. आणि बोलून काही उपयोग होणार नाही, हेही.

तो आत गेला आणि त्याने माइक उचलला. कागद त्याने टेबलावरच राहू दिला. तोंडं तीच दोनशे दहा होती. आता ती फक्त जेवलेली होती, आणि जेवलेली माणसं फारशी भयंकर दिसत नाहीत.

"मंडळी, एक टेबल राहून गेलंय," तो म्हणाला. आवाज बारीकच होता, पण कुणी "मोठ्याने" म्हटलं नाही. "मी मूळचा ट्रॉलीबसचा माणूस. आता ट्रॉलीबस नाहीत, आणि मीही तिथे नाही. पण इतक्या वर्षांत माझी एकही गाडी थांबा सोडून गेली नव्हती, ती आज पहिल्यांदा गेली. टेबल क्रमांक नऊ. तिथे माझे व्याही बसले आहेत. व्याही, निघा."

ओरोझबाय उठले. त्यांनी मुलीला आशीर्वाद दिला, तिच्या पायांना आशीर्वाद दिला, आजोबांच्या सत्तरीला दिला, मग कुबातच्या भावाच्या बढतीकडे वळले. तिथून ते आपल्या बागेतल्या जर्दाळूंवर आले, आणि जर्दाळूंवरून सप्टेंबरातल्या लग्नावर. दोन मिनिटं संपली. चार संपली. चौथ्या टेबलावरचे चुलते घड्याळावर बोट ठेवून मुकांबेतकडे न्यायाच्या अपेक्षेने पाहू लागले.

मुकांबेतने त्यांच्याकडे पाठ केली, समोरच्या ताटातला एक बोर्सोक उचलला आणि सावकाश खाल्ला.